मासिक पाळीचा कप : सांगायचे राहून गेलेले काही

दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. शहापूर भागातील एका शाळेत शिकविणाऱ्या बाई बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपता संपता आल्या. पर्समधून कापडाची एक लहानशी पिशवी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे काही माझ्याच्याने व्हायचे नाही. तुम्हीच कुणाला तरी देऊन टाका."

पिशवीत मासिक पाळीचा कप होता. पॅडमुळे मांड्यांना होणारी आग, शाळेत ते बदलण्याची आणि टाकण्याची पंचाईत अशा त्यांच्या तक्रारी ऐकून मीच त्यांना तो सुचविला होता. "सोपे असते, आत बसविला की बारा तास पाहायला नको," एवढेच बोलून मी पुढच्या रुग्णाकडे वळले होते. बाईंनी दोन पाळ्या प्रयत्न केला होता. पहिल्या वेळी कप आत गेलाच नाही. दुसऱ्या वेळी गेला, पण गळत राहिला आणि काढताना इतके दुखले की त्यांना न्हाणीघरात रडू कोसळले. "मला वाटले, माझ्याच शरीरात काही खोट आहे," असे त्या म्हणाल्या तेव्हा मी ओशाळले. खोट त्यांच्या शरीरात नव्हती, माझ्या दोन मिनिटांच्या सल्ल्यात होती. वापरलेला कप दुसऱ्या स्त्रीला देता येत नाही, हेसुद्धा मी त्यांना सांगितलेले नव्हते.

त्या संध्याकाळी मी स्वतःसाठी एक कप विकत घेतला. तेव्हा माझी पाळी जाण्याच्या वाटेवर होती, पण गेलेली नव्हती. तीस वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या, हजारो स्त्रियांची अंतर्गत तपासणी केलेल्या मला तो पहिल्यांदा बसवायला पाऊण तास लागला, हे मी संकोच बाजूला ठेवून येथे लिहून ठेवते. स्मरणिकेच्या वाचकांत आपल्या मंडळाचे डॉक्टर आहेत, तसेच त्यांच्या घरच्या सुना, मुली आणि आप्तही आहेत. दोघांनाही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

ही वस्तू नवी नाही. अमेरिकेतील लिओना चामर्स यांनी १९३७ साली तिचे पेटंट घेतले होते. त्या वेळी ती रबराची होती, आणि दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडल्यावर तिचे उत्पादन थांबले. आजचे बहुतेक कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचे असतात. आकार घंटेसारखा, खाली धरण्यासाठी एक देठ, कडेजवळ हवेसाठी बारीक छिद्रे. पॅडप्रमाणे तो रक्त शोषून घेत नाही, साठवितो. किंमत काहीशे रुपये आणि आयुष्य पाच ते दहा वर्षे. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात २०१९ साली त्रेचाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३३१९ स्त्रिया व मुलींची माहिती होती. गळतीच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनच्या तोडीचा किंवा त्यांहून बरा ठरला आणि सवय झाल्यावर सुमारे सत्तर टक्के स्त्रियांनी तो पुढेही वापरण्याची इच्छा दाखविली. 'सवय झाल्यावर' या दोन शब्दांकडे आपण डॉक्टर लक्ष देत नाही. ती सवय व्हायला काही पाळ्या जातात, आणि त्या काळात विचारायला कुणी माणूस असले तर टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असेही त्याच आढाव्यात म्हटले आहे.

आपल्या शेजारच्या केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली पाच हजार कप विनामूल्य वाटले. कर्नाटक शासनानेही २०२२ साली दक्षिण कन्नड व चामराजनगर जिल्ह्यांतील किशोरवयीन मुलींसाठी असा उपक्रम सुरू केला. त्याच्या नावात 'मुट्टिन कप' हे शब्द आहेत. बेळगावात राहून कन्नड कानावर पडणाऱ्यांना ठाऊक आहे की 'मुट्टु' म्हणजे पाळी आणि 'मुट्टु' म्हणजे स्पर्शही. आपल्या मराठीत तरी वेगळे काय आहे? 'शिवायचे नाही', 'कावळा शिवला' हे आपलेच शब्द. ज्या दिवसांत बाईने कशाला शिवायचे नाही असे दोन्ही भाषांनी ठरविले, त्याच दिवसांत हा कप तिला स्वतःच्या अंगाला, तेही आतून, स्पर्श करायला सांगतो. तांत्रिक अडचणी नंतर येतात. पहिली अडचण ही.

माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन मुले झालेल्या कित्येक स्त्रियांना लघवीची जागा आणि योनिमार्ग ही दोन वेगळी द्वारे आहेत हे माहीत नसते. यात शिक्षणाचा फारसा संबंध नाही. एका पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तरुणीने कप आत जाऊन पोटात हरवेल का, असे मला गंभीरपणे विचारले. म्हणून आता मी आधी कागदावर चित्र काढते. योनिमार्ग म्हणजे वर पोटाकडे उघडलेली नळी नव्हे. वरच्या टोकाला गर्भाशयमुख आहे आणि त्याच्या बारीक छिद्रातून कप जाणे शक्य नाही. दुसरी गोष्ट दिशेची. बहुतेक जणी कप सरळ वर ढकलतात, तो पुढच्या हाडाशी अडतो आणि दुखते. तो मागे, माकडहाडाच्या रोखाने सरकवायचा असतो. माझी स्वतःची चूक नेमकी हीच झाली होती. दुसऱ्यांना तपासताना ही दिशा माझ्या बोटांना पाठ आहे, पण स्वतःच्या बाबतीत हात उलट्या बाजूने येतो आणि सगळे ज्ञान गोंधळते.

घड्या घालण्याच्या अनेक पद्धती आहेत. कप चपटा करून मधोमध दुमडण्याची पद्धत सर्वांत प्रचलित, पण तिचे टोक जाड राहते. नवशिक्या स्त्रीला एका बाजूची कड बोटाने आत दाबून निमुळते टोक करण्याची घडी अधिक सोयीची जाते. हात साबणाने धुऊन कप पाण्याने ओला करावा. तेल लावू नये, फार कोरडेपणा असल्यास पाण्यात विरघळणारी जेली वापरावी. पाळी नसताना सराव करू नये, त्या वेळी योनिमार्ग कोरडा असतो. उकिडवे बसण्याची आपली सवय येथे फार उपयोगी पडते. खुर्चीवजा कमोडवर बसून धडपडणाऱ्यांपेक्षा आपल्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात कप लवकर बसतो, आणि हातातून निसटून पाण्यात पडण्याची भीतीही कमी.

कप आत गेल्यावर तो पूर्ण उघडला की नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, आणि सांगायचे राहते ते हेच. तळाशी बोट फिरवून पाहावे. कुठे दुमड लागली तर तळ चिमटीत धरून हलकेच गोल फिरवावा. दुमड राहिली की गळती होणारच. शिक्षिका बाईंचा कप गळत होता तो त्यामुळेच. मापाचाही प्रश्न असतो. तिशीच्या आतील व नैसर्गिक प्रसूती न झालेल्यांना लहान, इतरांना मोठा, असा वेष्टनावरचा नियम ढोबळ आहे. पाळीच्या दिवसांत गर्भाशयमुख किती खाली येते ते स्वतः बोटाने पाहावे. बोटाच्या पहिल्या पेरालाच ते लागत असेल तर लांब कप टोचणार आणि लघवीला अडथळाही होणार. देठ बाहेर टोचत असेल तर तो कात्रीने थोडा थोडा कापता येतो, मात्र कप बाहेर काढलेला असताना. हे स्पष्ट सांगावे लागते, कारण एकीने तसे न करण्याचा प्रयत्न केला होता.

काढण्याच्या वेळची भीती वेगळीच. रात्री साडेअकराला फोन येतो, "मॅडम, तो निघतच नाही." घाबरले की ओटीचे स्नायू आवळतात आणि कप आणखी वर चढतो. अशा वेळी मी दवाखान्यात बोलावीत नाही. पाणी पिऊन दहा मिनिटे स्वस्थ बसा, मग उकिडवे बसून शौचाला बसल्यासारखा हलका जोर करा, तळ हाताला लागला की चिमटीत दाबा, हवा आत गेल्याचा बारीकसा आवाज येईल, मग एक बाजू आधी काढा, एवढे फोनवर सांगते. आजवर दोघींनाच प्रत्यक्ष यावे लागले. देठ धरून ओढणे मात्र सर्वथा चूक. आत निर्वात पोकळी असते. ओढ सरळ गर्भाशयमुखावर बसते. ज्यांचे अंग खाली उतरलेले आहे त्यांना मी कप सुचवीत नाही, आणि इतरांनाही रोज जोरजोराने कुंथून तो काढण्याची सवय लावू नका असे सांगते.

आता घराकडे वळू. कप पाळीच्या सुरुवातीला व शेवटी पाच-दहा मिनिटे उकळावा, असे प्रत्येक पत्रकात असते. कुठे उकळावा, हे कोणत्याही पत्रकात नसते. एकत्र कुटुंबातल्या, सासूसमोर ओटा असलेल्या सुनेने तो कुठे उकळायचा? अनगोळमधील एका मुलीने सांगितले की घरातील सगळे झोपल्यावर ती दूध तापविण्याच्या पातेल्यात कप उकळीत असे आणि मग ते पातेले तीनदा घाशीत असे. सासूबाईंनी एकदा पाहिले, आणि पुढे काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. सासूबाईंना सर्वस्वी दोष देणेही मला जमत नाही; स्वयंपाकाच्या भांड्यात ही वस्तू पाहून माझ्या आईलाही ते रुचले नसते. माझा उपाय साधा आहे. एक लहान स्टीलचे भांडे यासाठीच वेगळे ठेवावे, किंवा विजेवर चालणारी छोटी किटली घ्यावी आणि ती आपल्या खोलीत ठेवावी. कप तळाशी टेकून करपू नये म्हणून पाणी भरपूर हवे. एकीचा कप मालिका पाहता पाहता पाणी आटून जळाला होता. उकळल्यावर पूर्ण कोरडा करून कापडी पिशवीतच ठेवावा. हवाबंद डबीत ठेवला की वास धरतो. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसतो, तो व्हिनेगर घातलेल्या पाण्याने निघतो. डाग पडले म्हणून कप वाया जात नाही. चिकटपणा आला, चिरा गेल्या, तर मात्र टाकावा. आणि तो शौचालयात पडलाच, तर माझे मत असे की काटकसर न करता नवा घ्यावा.

पाण्याचा प्रश्न घराबाहेर अधिक. खानापूर, चंदगडकडून येणाऱ्या, शेतावर मजुरीला जाणाऱ्या स्त्रियांना मी कप सुचवू लागले तेव्हा वाटले होते, येथे तो चालणार नाही. झाले उलटच. सकाळी घरून बसवून निघाले की संध्याकाळी घरीच काढायचा. मधल्या वेळात आडोसा शोधायला नको, ओले कापड बदलायला नको. त्यांतील तिघी-चौघी नोकरदार स्त्रियांपेक्षा लवकर रुळल्या. अडचण आली ती फार स्राव असलेल्यांना, ज्यांना दुपारीही रिकामा करावा लागे. त्यांना मी पाण्याची बाटली बरोबर ठेवायला सांगते. तेवढेही शक्य नसेल तर रिकामा करून, स्वच्छ कागदाने पुसून बसवावा आणि घरी आल्यावर धुवावा. हात मात्र आधी आणि नंतर दोन्ही वेळा धुवायलाच हवेत.

डॉक्टर बंधुभगिनींसाठी एक लाभ सांगते, ज्याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. "अंगावरून किती जाते?" या आपल्या प्रश्नाला "नेहमीसारखेच" हे उत्तर ठरलेले असते. पॅड किती लागतात हे विचारूनही फारसे कळत नाही. कुणी थोडे भिजले तरी बदलते, कुणी पैशांपायी तसेच ठेवते. बँकेत काम करणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या स्त्रीने कप वापरू लागल्यावर सहज सांगितले की तिचा तीस मिलिलिटरचा कप पहिले तीन दिवस चार-चार वेळा काठोकाठ भरतो. म्हणजे तीन दिवसांत साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक. पाळीच्या स्रावात सगळेच रक्त नसते, निम्म्याच्या आसपास इतर द्राव असतो, आणि ऐंशी मिलिलिटरची आपली मर्यादा रक्ताची आहे, कपात दिसणाऱ्या स्रावाची नव्हे, हे ध्यानात ठेवूनही हा आकडा दुपटीवर जात होता. हिमोग्लोबिन ७.४ निघाले, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतील अस्तराखाली गाठ दिसली. ती बाई दोन वर्षे थकव्यासाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होती. तेव्हापासून कप वापरणाऱ्या प्रत्येकीला मी दोन पाळ्यांची नोंद वहीत करायला सांगते.

आता ज्याबद्दल लिहिणे मला जड जाते, ते लिहिते. अठ्ठावीस वर्षांची, एक मूल असलेली एक स्त्री. तिला तांबी मीच बसविली होती. वर्षभराने तिने कपाबद्दल विचारले आणि मी "अवश्य वापरा" म्हटले. चार महिन्यांनी पाळी लांबली म्हणून आली. तपासणीत दिवस राहिलेले. सोनोग्राफीत सहा आठवड्यांचा गर्भ दिसला, तांबी दिसली नाही. धागाही लागला नाही. कप कसा काढता असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "देठ धरून ओढते, थोडा जोर लागतो." तांबी बहुधा कपाबरोबरच बाहेर आली आणि पाण्याबरोबर वाहून गेली. त्या दांपत्याला दुसरे मूल इतक्यात नको होते. कायद्यानुसार गर्भपात झाला, आणि तांबी पोटात सरकलेली नाही याची खात्री करण्यासाठी नंतर क्ष-किरण चित्र काढले. ते स्वच्छ होते. तिने तक्रार केली नाही. जाताना एवढेच म्हणाली, "तुम्ही आधी सांगितले असतेत, तर मी जपून काढला असता." उत्तर नव्हते.

त्या 'लॅन्सेट'च्या आढाव्यातच तेरा स्त्रियांची तांबी कपाबरोबर सरकल्याची नोंद होती. मी तो वाचलाही होता, पण तो रुग्णाच्या खुर्चीपर्यंत पोचला नव्हता. त्यानंतर आलेल्या निरीक्षणांतही कप वापरणाऱ्यांत तांबी निसटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. कप वापरणाऱ्या स्त्रीला तांबी नकोच, असे माझे म्हणणे नाही. पण धोका आधी सांगितला पाहिजे, धागा आखूड कापला पाहिजे, तांबी बसविल्यावर सुरुवातीचे काही महिने कप टाळावा, निर्वात पोकळी मोडल्याशिवाय कप ओढू नये आणि प्रत्येक पाळीनंतर धागा लागतो का ते पाहावे. तांबीच्या कार्डावर मी आता हे मराठीत आणि कन्नडमध्ये छापून घेतले आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी एक तर पॅड वापरावे किंवा दुसरे साधन निवडावे.

अविवाहित मुलींच्या आया दार लावून एकच प्रश्न विचारतात. योनिपटल ताणले जाऊ शकते, क्वचित फाटूही शकते. खोटे सांगण्यात अर्थ नाही. पण ते खेळताना, सायकल चालवितानाही होते, काहींना ते जन्मतःच नाममात्र असते, आणि त्यावरून कौमार्य ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली अमान्य ठरविली, हे मी आवर्जून सांगते. तरीही एखाद्या आईची तयारी नसेल तर मी वाद घालीत नाही. निर्णय मुलीने घ्यायचा आहे आणि तो ती पुढे केव्हाही घेऊ शकते. ज्या मुलीला बोटाच्या स्पर्शानेही स्नायू घट्ट आवळतात, तिच्यावर कपाचा आग्रह धरणे क्रूरपणाचे आहे.

आजारांविषयी थोडक्यात. टॉक्सिक शॉक सिंड्रोम कपामुळे फार विरळा. त्या आढाव्यात पाच रुग्णांची नोंद आहे. पण पाळीच्या दिवसांत अचानक तीव्र ताप, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा, उलट्या आणि भोवळ असेल तर आपल्या फिजिशियन मित्रांनी कपाची चौकशी करावी आणि तो आधी काढावा. पाळीच्या दिवसांतच कमरेच्या एका बाजूला दुखत असेल तरीही विचारावे. २०२५ साली डेन्मार्कमधील एका रुग्णवृत्तान्तात तिरक्या बसलेल्या कपामुळे मूत्रवाहिनीवर दाब येऊन मूत्रपिंडाला सूज आल्याचे नोंदविले आहे. प्रसूतीनंतर सहा आठवडे तरी कप नको. आणि पाळी संपली म्हणून कप आत विसरणाऱ्याही असतात. दुर्गंधीयुक्त पांढरे जाते म्हणून आलेल्या एकीच्या अंगात तो नऊ दिवस होता. सुदैवाने पुढे काही झाले नाही.

सध्या मी कप सुचवायचा असेल तर रुग्णाला त्या दिवशी सांगत नाही, शनिवारी दुपारी बोलाविते. आमच्या सिस्टर प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर दाखवितात, रुग्णाकडून दोन-तीनदा करवून घेतात, आणि पहिल्या तीन पाळ्यांत फोन करायला स्वतःचा क्रमांक देतात. त्यांना विचारणे स्त्रियांना माझ्यापेक्षा सोपे जाते. पहिले दोन-तीन महिने कपाबरोबर कापडी घडी किंवा पातळ पॅड ठेवायला आम्ही सांगतो. तरीही काहीजणी सोडून देतात. त्यांना स्वच्छ धुऊन उन्हात वाळविलेली कापडी घडी आहे, पॅड आहेत. कप हा काही सुशिक्षितपणाचा दाखला नव्हे.

शिक्षिका बाईंना मी आखूड आणि थोडा मऊ कप आणून दिला आणि त्यांच्याबरोबर एक तास बसले. तिसऱ्या पाळीनंतर त्यांनी निरोप पाठविला की आता जमते. पहिल्या दिवशी मात्र त्या अजूनही पॅडच वापरतात. त्या दिवशी शाळेत सकाळची परीक्षा असली की हात थरथरतात, असे त्या म्हणतात.